डाळिंबाच्या तेल्याचा जिवाणू एएफएमखाली: चौकोनी खडे, चपट्या पेशी आणि रेघोट्या

शेंगाचटणी

मंडळी, डाळिंबावरच्या तेल्याचा जिवाणू, म्हणजे झँथोमोनास, एएफएमखाली बघायचा आहे (अणुबल सूक्ष्मदर्शक: बारीक टिप पृष्ठभागावरून फिरवून उंचसखलपणाचं चित्र काढणारं यंत्र). तांब्याच्या औषधाआधी आणि नंतर पेशीच्या पृष्ठभागात काय फरक पडतो, एवढाच प्रश्न. नमुना सोलापुरात तयार करायचा आणि पुण्यात तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या यंत्रावर न्यायचा. पहिली खेप वाया गेली. केलं ते असं:

ग्लुकोज घातलेल्या न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये २८ अंशांवर ४८ तास वाढ. पीबीएसने (फॉस्फेट बफर असलेल्या मिठाच्या पाण्याने) एकदा धुतलं. स्लाइडच्या तुकड्यावर थेंब टाकून ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये वाळवला. टॅपिंग मोड (टिप थरथरत पृष्ठभागाला टोकत जाते), सिलिकॉनची टिप; ती ज्या लवचीक पट्टीच्या, म्हणजे कॅन्टिलिव्हरच्या, टोकाला असते तिची वारंवारता ३०० किलोहर्ट्झ, कडकपणा ४० न्यूटन प्रति मीटर. १० मायक्रॉन चौरस, सेकंदाला एक ओळ, २५६ ओळी.

दिसलं ते असं: जिकडेतिकडे चौकोनी पांढरे खडे. ज्या पेशी सापडल्या त्या भाकरीसारख्या चपट्या. दहा मिनिटांनी आडव्या रेघोट्या, आणि मग प्रत्येक पेशीला एकाच बाजूला हुबेहूब तीच शेपटी. कशाभिका (जिवाणूचा पोहायचा धागा) एकही नाही. पुढच्या खेपेला काय बदलू?

अभ्रक

खडे म्हणजे मीठ. हिशोब करून बघा. पीबीएसच्या लिटरमध्ये साधारण १० ग्रॅम क्षार असतात. २० मायक्रोलिटरच्या थेंबात झाले ०.२ मिलिग्रॅम. थेंब पाच मिलिमीटर व्यासाचा पसरला आणि क्षार सारखा बसला असं धरलं, तर साडेचार मायक्रॉन जाडीचा थर होतो. तुमचा जिवाणू अर्धा मायक्रॉन जाड. तो मिठात पुरलाय. शेवटची धुलाई नेहमी शुद्ध पाण्याची, १८.२ मेगाओहमवाल्या. साध्या डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंब कोऱ्या अभ्रकावर वाळवून यंत्राखाली बघा, त्यातसुद्धा ठिपके निघतात.

पण शुद्ध पाण्याने धुतलं तर पेशी निघून जातात, म्हणून आधी त्या चिकटल्या पाहिजेत. एएफएमवर जैविक नमुना करणं म्हणजे निम्म्याहून जास्त हेच काम आहे: हवं ते चिकटवायचं, नको ते धुवायचं. यंत्राकडे दोष नंतर द्यायचा.

रेघोट्या आणि शेपटी हा चिकटा आहे. झँथोमोनास आपल्याभोवती बहुशर्करेचा बुळबुळीत थर करतो. झँथन गम ज्यापासून मिळतो तो याचाच भाऊबंद. त्यात तुम्ही ग्लुकोज घालून त्याला आणखी खाऊ घातलात. तो डिंक टिपवर बसला की टिप बोथट होते, आणि मग जे दिसतं ते पेशीचं नव्हे, डिंकाच्या गोळ्याचं रूप.

माझी पद्धत लिहितो.

वाढ: साखर न घालता, २८ अंश, शेकर १०० ते १२० फेऱ्यांवर. जोरात हलवलं तर कशाभिका तुटतात. या जिवाणूला एकच असते, टोकाला. ती गेली की गेली. ६०० नॅनोमीटरवर ओडी (गढूळपणाचं माप) ०.५ च्या आसपास आली की काढा.

धुलाई: १ मिली, सेंट्रिफ्यूजमध्ये ३००० जी, ५ मिनिटं. वरचं ओतून द्या. गाळ पुन्हा मिसळताना व्होर्टेक्स नको. पिपेटची टिप कात्रीने तिरकी कापून तोंड मोठं करा आणि हलक्या हाताने वरखाली करा. असं दोनदा. गाळ घट्ट न बसता जेलीसारखा हलत असेल तर डिंक अजून शिल्लक आहे, तिसऱ्यांदा धुवा.

स्थिरीकरण (पेशी आहे त्या आकारात पक्की करणं): २.५ टक्के ग्लुटरअल्डिहाइड, फॉस्फेट बफरमध्ये, ४ अंशांवर दोन तास. ट्रिस बफर घेऊ नका. त्यातला अमाइन गटच ग्लुटरअल्डिहाइडशी बांधला जातो आणि पेशीच्या वाट्याला काही उरत नाही. काम हूडमध्ये, हातमोजे घालून. मग शुद्ध पाण्याने तीनदा धुलाई. या टप्प्याचा दुसरा फायदा असा की जिवाणू मरतो. पिकाचा जिवंत रोगकारक डबीत घालून रेल्वेने न्यायचा नसतो.

पाया: मस्कोव्हाइट अभ्रक. चिकटपट्टी दाबून सोलायचा. पट्टीवर पूर्ण गोल पापुद्रा आला पाहिजे. अर्धवट आला तर पुन्हा सोला, नाहीतर पायऱ्या दिसतात. सोललेल्या बाजूला बोट, चिमटा, श्वास काही लागू देऊ नका. अभ्रक पाण्यात ऋणभारित असतो आणि जिवाणूचा पृष्ठभागही ऋणच, म्हणून मध्ये काहीतरी धन लागतं. ०.०१ टक्का पॉली-एल-लायसिनचे ३० मायक्रोलिटर, १० मिनिटं, मग १ मिली पाण्याने धुऊन वाळवा.

बसवणं: पेशींचे २० मायक्रोलिटर, अर्धा तास, झाकलेल्या पेट्री डिशमध्ये ओल्या फिल्टर पेपरशेजारी. हा ओला कागद सोलापुरात विसरू नका. एप्रिल-मेमध्ये उघडा थेंब बघता बघता कडेने वाळतो आणि सगळा माल त्या कडेच्या कड्यात जमा होतो. शेवटी तिरकं धरून १ मिली पाणी सोडा, आणि कडेला टिश्यू लावून पाणी ओढून घ्या.

मंगळवारपेठ

अभ्रकाबद्दल एक. इस्त्रीच्या कॉइलखालचा अभ्रक चालेल का, असं कोणीतरी विचारतंच, म्हणून आधीच सांगतो: नाही. इलेक्ट्रिकच्या दुकानातली ती पांढुरकी शीट बहुतेक वेळा तुकडे चिकटवून दाबलेली असते. सोलायला गेलं की भुगा. अखंड मस्कोव्हाइट शीट मागवा, झारखंडचा कोडरमा पट्टा त्यासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. ०.१ ते ०.२ मिलिमीटर जाडीची शीट साध्या कात्रीने कापता येते. एका चकतीचे वीसेक पापुद्रे आरामात निघतात, म्हणजे स्वस्तच की ओ.

स्टीलच्या चकतीवर चिकटवायला अरल्डाइट घ्या, रात्रभर सुकू द्या. दुहेरी चिकटपट्टीने काम पटकन होतं, पण ती दाबाखाली तासभर हळूहळू सरकत राहते. मोठ्या स्कॅनमध्ये कळत नाही. १ मायक्रॉनवर गेलात की चित्र वाहायला लागतं.

आणि जिवाणूसाठी खरं तर काचही चालते. आम्लाने नीट धुतलेली हवी. काचेचा एखादा नॅनोमीटर खडबडीतपणा अर्ध्या मायक्रॉनच्या पेशीला काय करणार? अभ्रकाशिवाय अडतं ते डीएनए आणि प्रथिनांना.

शेंगाचटणी

दोघांचेही आभार. पॉली-एल-लायसिन संपलंय, यायला तीन आठवडे. दुसरं काही?

अभ्रक

जिलेटिन. डुकराच्या कातडीपासूनचं घ्या, गाईगुरांच्या जिलेटिनपेक्षा ते जिवाणूंना चांगलं धरतं. १०० मिली पाण्यात अर्धा ग्रॅम, पाणी गरम करून विरघळवा आणि ६० ते ७० अंशांपर्यंत येऊ द्या. ताजा सोललेला अभ्रक चिमट्याने बुडवून लगेच काढा, टिश्यूवर कडेवर उभा ठेवा, रात्रभर वाळू द्या. आडवा ठेवलात तर मध्ये जाड थर बसतो. जिलेटिन फार उकळू नका, पकड जाते. एक चकती पेशी न टाकता तशीच ठेवून तिचंही स्कॅन घ्या, म्हणजे पुढे जिलेटिनच्या सुरकुत्यांना कोणी ‘पेशीचा स्राव’ म्हणणार नाही.

जिलेटिनवर जिवंत पेशी बफरमध्येसुद्धा टिकतात. मात्र क्षार जास्त असतील तर पकड सैल होते, म्हणून बफर पातळ ठेवा.

स्प्रिंगस्थिरांक

नमुन्याचं अभ्रकांनी सांगितलं. आता स्कॅनचं.

वाळलेल्या, स्थिर केलेल्या पेशींना हवेत ४० न्यूटन प्रति मीटरची टिप योग्यच आहे, ती बदलू नका. टिप जवळ नेण्याआधी मोकळा आयाम (हवेत थरथरताना टिपचा झोका) २० ते ३० नॅनोमीटर ठेवा, सेटपॉइंट (नमुन्यावर टेकल्यावर राखायचा झोका) त्याच्या ८० ते ८५ टक्के. सेटपॉइंट खाली नेत गेलात तर ठोका वाढतो आणि डिंक टिपवर लवकर चढतो.

वेग. १० मायक्रॉनची ओळ सेकंदाला एक म्हणजे जाऊन-येऊन २० मायक्रॉन प्रति सेकंद. एवढ्या वेगात अर्ध्या मायक्रॉनच्या टेकाडावरून उतरताना टिप खाली टेकायच्या आत पुढे निघून जाते आणि उताराच्या बाजूला सावली पडते. ट्रेस आणि रिट्रेस (टिप जातानाचं आणि येतानाचं चित्र) एकावर एक ठेवून बघा. सावली एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असेल तर वेगाचा दोष. वेग निम्मा करा, गेन (टिपची उंची किती चटकन सुधारायची ते) थरथर सुरू होईपर्यंत वाढवा आणि तिथून थोडा मागे घ्या.

चपटेपणाचं म्हणाल तर वाळल्यावर पेशी बसतेच. उंची रुंदीच्या निम्म्याहूनही कमी दिसणं नेहमीचं आहे. ग्लुटरअल्डिहाइडने सुधारतं, पूर्ण जात नाही. म्हणून कोरड्या नमुन्यावरून पेशीचं घनफळ काढून लिहू नका.

तासाचं गणित आधी कागदावर मांडा. लेझर जुळवणं (तो कॅन्टिलिव्हरवर पडून त्याची हालचाल दाखवतो), ट्यूनिंग, टिप टेकवणं यात पंधरा मिनिटं जातात. ५१२ ओळी सेकंदाला अर्ध्या दराने म्हणजे १०२४ सेकंद, सतरा मिनिटं. अशी तीन चित्रं घेतलीत की तास संपून वर सहा मिनिटं. म्हणून आधी ३० मायक्रॉनचं १२८ ओळींचं झटपट चित्र, त्यातून पेशी निवडायच्या, मग ५ मायक्रॉनची दोन-तीन चित्रं २५६ ओळींवर, आणि शेवटी एका पेशीच्या पाठीवर ५०० नॅनोमीटरचं. एकेक चकती बदलण्यात वेळ जातो. एका तासात एकाच उपचाराच्या दोन चकत्या लावण्यापेक्षा वेगवेगळ्या उपचारांच्या दोन लावा.

पार्कचौक

टिप खराब आहे की नमुनाच तसा आहे हे ओळखायला स्कॅन अँगल ९० अंश फिरवून बघा. शेपटी फिरली नाही तर टिपची.

स्प्रिंगस्थिरांक

पार्कचौक, ही गल्लत सर्रास होते. स्कॅन अँगल फिरवल्याने फक्त ओळींची दिशा बदलते. टिप आणि नमुना दोन्ही आपापल्या जागी तसेच असतात, त्यामुळे टिपची शेपटी आणि खरी पेशी चित्रात सोबतच फिरतात. त्या चाचणीने वेगाचे आणि गेनचे दोष पकडता येतात, टिपचे नाही. टिपसाठी चकतीच हाताने पाव फेरी फिरवायची. पेशी फिरल्या आणि शेपटी पूर्वीच्याच दिशेला राहिली, तर टिप दुभंगलेली किंवा माखलेली आहे.

त्याहून सोपी खूण: चित्रातल्या सगळ्या वस्तूंना एकच आकार, एकाच दिशेने. जिवाणू असे रांगेत कवायत करत नाहीत.

पार्कचौक

बरोबर, चुकलं. टिपच्या जाडीचा परिणाम किती धरायचा? कशाभिका कितीची दिसेल?

स्प्रिंगस्थिरांक

गोल वस्तू आणि गोल टोक धरलं तर दिसणारी रुंदी दोन्ही त्रिज्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या चौपट. डीएनएची त्रिज्या १ नॅनोमीटर, टिपची १० धरा. १० चं वर्गमूळ ३.१६, चौपट केलं की १२.६. दोन नॅनोमीटर जाडीचा धागा साडेबारा नॅनोमीटर रुंद दिसणार. कशाभिकेची त्रिज्या ८ ते १० धरा, तीच टिप, तर ३६ ते ४० नॅनोमीटर. टिप माखली असेल तर ८० सुद्धा. म्हणून जाडी कधीही रुंदीवरून मोजू नये, उंचीवरून मोजावी. टिपच्या जाडीने उंची फुगत नाही, पण वाळण्याने आणि ठोक्याने ती कमी मात्र होते.

टिप आणि हात दोन्ही तपासायला डीएनए हा उत्तम नमुना आहे. पीयूसी१९ प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं कडं) २६८६ बेसजोड्यांचं. एका जोडीला ०.३४ नॅनोमीटर, म्हणजे घेर ९१३ नॅनोमीटर. चित्रात धाग्यावरून लांबी मोजा, त्याच्या आसपास यायला हवी. उंची २ न येता ०.५ ते १ च्या दरम्यान येते. घाबरू नका, सगळ्यांना तशीच मिळते.

डीएनए आणि अभ्रक दोन्ही ऋण, म्हणून मॅग्नेशियम किंवा निकेलचा पूल लागतो: ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, १० मिलिमोलर हेपेस, डीएनए ०.५ ते १ नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर, पाच मिनिटं, मग पाण्याची धुलाई. किटमधलं डीएनए टीई बफरमध्ये असेल तर त्यातलं ईडीटीए मॅग्नेशियम गिळतं आणि अभ्रक कोराच राहतो. अशा वेळी डीएनए भरपूर पातळ करा किंवा पाण्यात काढून घ्या.

यंत्रमाग

धागा चालूच आहे तर विचारतो. आमच्या भागात एका कॉलेजात छोटं एएफएम घ्यायचं चाललंय. इमारत अक्कलकोट रोडच्या बाजूला, दोन्हीकडे माग. पहिल्या मजल्यावर उभं राहिलं तर पायाला जाणवतं. एअर टेबल घेतलं की भागेल असं विक्रेता म्हणतो.

मंगळवारपेठ

विक्रेत्याला टेबलाची स्वतःची वारंवारता विचारा.

साधा धोटेवाला माग मिनिटाला १२० ते १६० पिका (आडव्या धाग्याच्या फेऱ्या) मारतो, म्हणजे सेकंदाला २ ते २.७ ठोके. हवेवर तरंगणाऱ्या टेबलाची स्वतःची वारंवारता बहुधा १ ते २ हर्ट्झ असते. असं टेबल स्वतःच्या वारंवारतेच्या १.४ पटीच्या वर कुठे थोपवायला सुरुवात करतं. त्याखाली ते हादरा वाढवतं. २ हर्ट्झचं टेबल आणि २.३ हर्ट्झचा माग म्हणजे झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का दिल्यासारखं. चादरी विणणाऱ्या गावात हे टेबल घेणाऱ्याने आधी मोजमाप करून घ्यायला हवं. सक्रिय टेबल १ हर्ट्झच्या आसपासही काम करतं, पण महाग.

स्वस्तातला जुना उपाय: जड लादी रबरी दोऱ्यांवर टांगायची. वजनाने दोरी किती ताणली यावर वारंवारता ठरते. २५ सेंटिमीटर ताण म्हणजे १ हर्ट्झ. अर्ध्या हर्ट्झवर जायचं तर १ मीटर ताण लागतो, म्हणजे उंच छत हवं. लादी ग्रॅनाइटचीच पाहिजे असं नाही. जाड शहाबादी फरशीचे दोन तुकडे मध्ये रबराची शीट घालून बसवले तर चांगलं वजन होतं आणि फरशी टणत्कारही करत नाही. रबरी दोऱ्या वर्षभरात लांबतात, उंची मोजून बदलत राहा.

जागा तळमजला, खोलीचा कोपरा, लिफ्ट आणि जनरेटरपासून लांब. पंखा बंद. वरून आवाजासाठी खोका लागतो. थर्माकोल निरुपयोगी आहे, आवाज वजनाला थांबतो. प्लायवूडला आतून जड रबर आणि त्यावर फोम लावा.

घेण्याआधी चाचणी मागा. स्वच्छ अभ्रकावर टिप टेकवायची, स्कॅनचा आकार शून्य ठेवायचा आणि उंचीतला गोंगाट बघायचा. आरएमएस, म्हणजे सरासरी चढउतार, ०.१ नॅनोमीटरच्या आत हवा. ही चाचणी माग चालू असताना करा. विक्रेते रविवारची वेळ मागतात.

स्प्रिंगस्थिरांक

मंगळवारपेठ यांना एक पुरवणी. हादरा चित्रात कसा ओळखायचा: सेकंदाला एक ओळ आणि २.३ हर्ट्झचा माग असेल तर जाण्याच्या अर्ध्या सेकंदात, म्हणजे चित्रातल्या प्रत्येक ओळीत, एक-सव्वा लाटा येतात आणि चित्रभर तिरके पट्टे पडतात. वेग बदला. पट्ट्यांचं अंतर बदललं तर हादरा, नाही बदललं तर नमुना. एका ओळीत पंचवीसेक बारीक लाटा दिसल्या तर ती ५० हर्ट्झची वीज आहे. आधी अर्थिंग तपासा.

तिसरा प्रकार लेझरचा. प्रकाश कॅन्टिलिव्हरच्या कडेने सांडतो, चकचकीत पृष्ठभागावरून परततो आणि मुख्य किरणाशी मिसळतो. बल-वक्राच्या (टिप जवळ नेताना बल कसं बदलतं त्या आलेखाच्या) सपाट भागात लाट दिसते, साधारण लेझरच्या अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने. ६७० नॅनोमीटरच्या लेझरला ३३५. ठिपका पट्टीच्या मधोमध आणा, बरंच कमी होतं.

यंत्रमाग

आणि हवामान? एसी लावायचा का?

मंगळवारपेठ

लावायचा, पण झोत यंत्रावर नको, आणि दोन तास आधी सुरू करायचा. तापमान सरकत असताना चित्रही सरकतं.

आपल्याकडे वर्षात दोन वेगवेगळी दुखणी. उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की सोललेल्या अभ्रकावर स्थिर विद्युतभार राहतो आणि मऊ कॅन्टिलिव्हर लांबूनच ओढला जातो. पृष्ठभाग आला असं समजून यंत्र खोटंच थांबतं. चकतीला अर्थिंग द्या, सोलल्यावर दहा मिनिटं थांबा. पावसाळ्यात उलट. नमुन्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो, टिप त्यात अडकते, ओढ दहा-वीस नॅनोन्यूटनच्या घरात जाते आणि डिंकवाल्या नमुन्याचा तर चिखल होतो. खोक्यात सिलिका जेल ठेवा, आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली आली की काम सुरू करा.

शेंगाचटणी

मूळ प्रश्नाकडे येते. कॉपर ऑक्सिक्लोराइड फवारणीच्या मात्रेत, लिटरला अडीच ग्रॅम देणार आहे. पेशी पीबीएसमध्ये. त्यानंतर खडबडीतपणा मोजायचा, आणि जमलं तर पेशीचा कडकपणाही. गाईड म्हणतात हर्ट्झ मॉडेल (टिप किती आत दबते यावरून कडकपणा काढायचं सूत्र) लावा.

अभ्रक

ताई, पीबीएसमध्ये तांबं देऊ नका. फॉस्फेटबरोबर तांब्याचा साका बसतो. पेशीपर्यंत किती पोचलं ते कळणार नाही आणि साका पेशीवर कणकण दिसेल. ०.८५ टक्का मिठाच्या पाण्यात किंवा हेपेसमध्ये द्या.

दुसरं, कॉपर ऑक्सिक्लोराइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. भुकटीचे कण स्वतःच मायक्रॉनच्या मापाचे. ते पेशीला चिकटतात, आणि चित्रात उंचवटा दिसला की ‘पेशीच्या आवरणाला इजा’ असा मथळा तयार. पेशी न टाकता फक्त औषध अभ्रकावर टाकून ते चित्र सोबत छापा. बोर्डो मिश्रण असेल तर चुना आणि जिप्समचे स्फटिकही येतात. फेज चित्रात (टिपच्या थरथरीतला विलंब दाखवणाऱ्या) कण वेगळे उठून दिसतात, पण फेज म्हणजे रासायनिक ओळख नव्हे. शक्य असेल तर मिश्रण काही वेळ ठेवून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळा आणि तेच विरघळलेलं तांबं पेशींना द्या. शेतातली नक्कल थोडी बिघडते, प्रश्नाचं उत्तर मात्र स्वच्छ मिळतं.

स्प्रिंगस्थिरांक

खडबडीतपणा: पेशीच्या पाठीवरचा एकच मापाचा चौकोन घ्या, समजा २०० नॅनोमीटर, आणि दुसऱ्या घाताचं पृष्ठ वजा करून पेशीची गोलाई काढून टाका. नाहीतर तुम्ही गोलाईच मोजाल. चौकोनाचं माप बदललं की आकडा बदलतो, टिप बोथट झाली की आकडा कमी होतो. म्हणून आधीच्या आणि नंतरच्या पेशी एकाच टिपने, आलटून पालटून घ्या. सगळ्या आधीच्या आज आणि सगळ्या नंतरच्या उद्या असं केलंत, तर औषधाचा परिणाम आणि टिपची झीज वेगळी करता येणार नाही. प्रत्येक बाजूला तीन स्वतंत्र कल्चरमधल्या मिळून किमान वीस-तीस पेशी. ग्विडियन हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. फ्लॅटन (चित्राचा तळ सपाट) करण्याआधी पेशींवर मास्क टाका, म्हणजे त्या हिशोबातून वगळा, नाहीतर पेशीच्या दोन्ही अंगांना काळे खड्डे उमटतात आणि कोणीतरी त्यांनाही अर्थ लावतं. मूळ फाइल मागून घ्या, जेपीजी नको.

कडकपणा: ग्लुटरअल्डिहाइड दिलेल्या पेशीवर अजिबात मोजू नका. ते प्रथिनं एकमेकांना बांधतं, कडकपणा त्याचाच येतो. मोजायचं तर जिवंत पेशी, बफरमध्ये, जिथे यंत्र आहे तिथेच वाढवून. त्यासाठी तिथल्या प्रयोगशाळेची परवानगी आधी हवी. या खेपेला तो नाद सोडा.

तरी पद्धत सांगून ठेवतो. कॅन्टिलिव्हर ०.०५ ते ०.१ न्यूटन प्रति मीटर. जिवाणूच्या पेशीचा स्वतःचा स्प्रिंग स्थिरांक ०.०१ ते ०.१ च्या घरात असतो. ४० ची पट्टी तिथे लोखंडी पहार. डबीवर छापलेला आकडा दुप्पट किंवा निम्मा चुकू शकतो, म्हणून थर्मल पद्धतीने, म्हणजे उष्णतेच्या थरथरीवरून, प्रत्येक पट्टी मोजा. पडताळा म्हणून लक्षात ठेवा: खोलीच्या तापमानाला ०.०६ ची पट्टी नुसत्या उष्णतेने सरासरी ०.२६ नॅनोमीटर थरथरते. तुमचा आकडा याच्या आसपासही नसेल तर संवेदनशीलता (पट्टी किती वाकली की लेझरचा संकेत किती बदलतो ते) चुकली. ती त्याच द्रवात, कडक तळावर मोजायची, आणि लेझर हलवला की पुन्हा. हवेतला आकडा पाण्यात वापरला तर अपवर्तनांकामुळे चूक होते. संवेदनशीलतेत १० टक्के चूक झाली की स्थिरांकात जवळपास २० टक्के जाते.

पट्टी बुडवण्याआधी तिच्यावर बफरचा एक थेंब सोडा, नाहीतर खाली बुडबुडा अडकतो आणि लेझर गायब. उघड्या थेंबातलं पाणी उडतं आणि क्षार वाढतात, तेव्हा भर शुद्ध पाण्याची घालायची, बफरची नाही. खारं पाणी स्कॅनरवर सांडलं तर आतल्या पिएझोला शेकडो व्होल्ट असतात. दुरुस्तीचा आकडा बघून विभागप्रमुख आजारी पडतील.

आता हर्ट्झ. पॉइसन गुणोत्तर (दाबल्यावर वस्तू बाजूला किती फुगते ते) ०.५, खोली पेशीच्या जाडीच्या दहाव्या हिश्शापर्यंत, म्हणजे तुमच्याकडे ५० नॅनोमीटर. त्याहून खोल गेलात तर अभ्रकाचा कडकपणा मिसळतो. पण जिवाणूचा वक्र सगळा एकसारखा नसतो. सुरुवातीचा भाग वाकडा, तिथे हर्ट्झ बसतं. पुढे तो सरळ रेषा होतो, आणि तो भाग मुख्यतः आतल्या दाबाचा आणि कवचाच्या ताणाचा असतो. त्या सरळ भागावर हर्ट्झ बसवून किलोपास्कल काढू नका. तिथे नुसता स्प्रिंग स्थिरांक लिहा. तांब्याने आवरण फुटून दाब गेला तर पहिला बदल तिथेच दिसेल.

शेंगाचटणी

कडकपणा रद्द, कळलं. चकत्या सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने नेणार आहे. बांधायच्या कशा? आणि आमच्याकडे नायट्रोजनचं सिलिंडर नाही.

मंगळवारपेठ

पेट्री डिशच्या तळाला फ्रीजच्या दारावर लावतात तसली चुंबकाची पट्टी चिकटवा. स्टीलच्या चकत्या त्यावर बसतात, डिश उलटी झाली तरी हलत नाहीत. नंबर चकतीच्या पाठीवर खिळ्याने कोरा. मार्कर नको, त्याची वाफ नमुन्यावर बसते. सोबत सिलिका जेलची पुडी, बाहेरून पॅराफिल्म. प्रत्येक उपचाराच्या तीन चकत्या करा. डिश पर्समध्ये ठेवा, खिडकीतल्या उन्हात नको.

नायट्रोजनऐवजी कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी फुगा चालतो. कडेने, तिरका, हलका झोत द्या. तोंडाने फुंकर नको. स्प्रेच्या डब्यातली हवाही नको, डबा तिरका झाला की त्यातला द्रव थेंब होऊन बाहेर येतो आणि नमुन्यावर डाग सोडतो.

शेंगाचटणी

फुगा आहे. जिलेटिनच्या चकत्या आज रात्री उभ्या करते.

अभ्रक

एक जास्त करा, कोरी, पेशीशिवायची. आणि बाद झालेलं सगळं कल्चर १२१ अंशांवर २० मिनिटं ऑटोक्लेव्ह करून मगच टाका, पिपेटच्या टिपसकट. केगावला डाळिंबाचं संशोधन केंद्र आहे आणि आसपास बागाच बागा आहेत. सिंकमध्ये ओतू नका.